माइंडफुलनेसच्या शिक्षकाची पात्रता कशी तपासावी?

गोदाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे काम मी पाहते. अतिदक्षता आणि अपघात विभागातील सुमारे ४० परिचारिकांसाठी आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे या क्षणी मनात आणि शरीरात जे चालले आहे त्याकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, वर्ग घ्यावा असे व्यवस्थापनाने ठरवले असून शिक्षक निवडण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. माझ्यापुढे पाच अर्ज आहेत आणि पाचही अर्जांना प्रमाणपत्रे जोडलेली आहेत. एकाचे प्रमाणपत्र दोन दिवसांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे आहे. एक बाई २०० तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या योगशिक्षिका आहेत. एका गृहस्थांनी इगतपुरीला विपश्यना ध्यानाची दहा दिवसांची दहा शिबिरे केली आहेत. चौथ्या अर्जदार परदेशी संस्थेचे वर्षभराचे प्रशिक्षण घेऊन आल्या आहेत, आणि पाचवे अर्जदार कंपन्यांमध्ये 'स्ट्रेस मॅनेजमेंट'ची व्याख्याने देतात.

हा प्रश्न इतक्या काळजीने विचारण्याचे कारण सांगते. गेल्या वर्षी आमच्याकडे अशीच एक दिवसाची कार्यशाळा झाली. सगळ्यांना सतरंजीवर आडवे करून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवण्याचा सराव सुरू होता आणि लक्ष छातीपर्यंत आले तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरांना धाप लागून रडू कोसळले. शिक्षकांनी डोळेही न उघडता "येऊ द्या, वाहू द्या, छान चाललंय" असे म्हटले आणि ध्वनिमुद्रित संगीताच्या तालावर पुढचा भाग सुरू ठेवला. सिस्टर उठून बाहेर गेल्या. त्यांच्या मागे मीच गेले. त्या शिक्षकांकडेही प्रमाणपत्र होते, तेही चौकट केलेले.

आमच्या मेट्रन म्हणतात, "ज्याचा आवाज शांत, तो घ्या." मला ते पुरेसे वाटत नाही. शिकवण्याची क्षमता तपासण्याची काही मान्य पद्धत आहे का? असल्यास आमच्यासारख्या ठिकाणी ती कितपत वापरता येईल?

---

मेनाई

मी काही वर्षे वेल्समधील बँगर येथे राहून या विषयाचे प्रशिक्षण घेतले आहे, त्यामुळे तिकडची पद्धत जवळून पाहिलेली आहे. आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की पद्धत आहे. मात्र ती कागद तपासत नाही, वर्ग तपासते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ दुखणी असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी त्याच साच्यावर दुसरा अभ्यासक्रम बांधला आणि २००४ मध्ये ब्रिटनमधील आरोग्यसेवेला उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस केली. शिफारस झाल्यावर मागणी वाढली, मागणी वाढल्यावर शिक्षक वाढले, आणि शिकवणारा खरोखर तेच शिकवतो आहे की नाही हे कसे ओळखायचे, हा प्रश्न विद्यापीठांपुढे उभा राहिला. बँगर, एक्सेटर आणि ऑक्सफर्ड या तीन विद्यापीठांतील प्रशिक्षकांनी रिबेका क्रेन यांच्या पुढाकाराने मूल्यमापनाचे निकष तयार केले. 'एमबीआय-टॅक' या नावाने ते ओळखले जातात.

त्यात सहा अंगे पाहतात. सत्राचा अभ्यासक्रम, त्याची गती व मांडणी हे पहिले अंग. सहभागींशी जोडून घेण्याचे कौशल्य हे दुसरे. शिक्षकाच्या अंगी मुरलेली सजगता हे तिसरे. सरावाचे तोंडी मार्गदर्शन हे चौथे. संवादातून आणि विवेचनातून विषय पोहोचवणे हे पाचवे, आणि गटाचे वातावरण सांभाळणे हे सहावे. प्रत्येक अंगासाठी 'अक्षम'पासून 'प्रगत'पर्यंत सहा पायऱ्या असून मधल्या पायऱ्या नवशिका, प्रगत नवशिका, सक्षम आणि निपुण अशा आहेत. कौशल्य पायरीपायरीने कसे वाढते याविषयी ड्रायफस बंधूंनी केलेल्या मांडणीवर ही उतरंड बेतलेली आहे. परीक्षक प्रत्यक्ष वर्गाची चित्रफीत पाहून गुण देतात. मुलाखत किंवा लेखी उत्तरे त्याची जागा घेऊ शकत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन केंद्रांतील १६ परीक्षकांनी ४३ शिक्षकांचे मूल्यमापन केले होते. त्यात परीक्षकांच्या गुणांमधील एकवाक्यतेचा एकूण निर्देशांक ०.८१ इतका आला (१ म्हणजे पूर्ण एकमत). अशा सूक्ष्म गोष्टींच्या परीक्षणात तो चांगलाच म्हणावा लागेल.

आता हे प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगतो, कारण अंगांची नावे वाचून काहीच कळत नाही. सराव संपल्यावर शिक्षक सहभागींना अनुभव विचारतात. याला तिकडे 'इन्क्वायरी' म्हणतात. आपण अनुभवाची विचारपूस म्हणू. समजा, एक सिस्टर म्हणाल्या, "माझं मन शांतच होत नाही हो, माझ्याकडून नाही व्हायचं हे." नवशिका शिक्षक लगेच धीर देतो, "काळजी करू नका, सवयीने जमेल." बोलणे गोड असते, पण तिथेच दार बंद होते. दुसऱ्या प्रकारचा नवशिका मन माकडासारखे असते यावर पाच मिनिटांचे निरूपण करतो. सक्षम शिक्षक क्षणभर थांबतो आणि विचारतो, "शांत होत नाहीये, हे नेमकं कधी लक्षात आलं?" सिस्टर म्हणतात, "मधेच. उद्याच्या ड्युटीचा चार्ट डोक्यात आला तेव्हा." "तेव्हा शरीरात काही जाणवलं?" "हो, जबडा आवळला होता." "आणि ते लक्षात आल्यावर?" सिस्टर थोडा विचार करून म्हणतात, "थोडा सैल झाला असेल." शिक्षकाने काहीही शिकवलेले नाही. तरीही मन भरकटणे, ते लक्षात येणे आणि शरीराने त्याला दिलेली प्रतिक्रिया या तिन्ही गोष्टी सिस्टरांच्याच तोंडून वर्गापुढे आल्या. परीक्षक हेच पाहत असतो. गेल्या वर्षीच्या आपल्या प्रसंगात तर शिक्षकाने डोळेच उघडले नाहीत, म्हणजे दुसऱ्या आणि सहाव्या अंगाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

मार्गदर्शनाच्या भाषेबद्दलही लिहायला हवे, कारण मराठीतून शिकवताना सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. आपल्याकडे सूचना आज्ञार्थी देण्याची सवय आहे: श्वास घ्या, श्वास सोडा, लक्ष केंद्रित करा, विचार काढून टाका. हे कवायतीसारखे ऐकू येते. "श्वास घ्या" म्हटले की माणूस खरोखरच मुद्दाम छाती भरून श्वास घेतो, आणि सहज चाललेला श्वास पाहण्याचा हेतूच बाजूला पडतो. मी स्वतः हे चुकत चुकत शिकलो. माझ्या पहिल्या मराठी वर्गाचे ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा ४० मिनिटांत मी किती वेळा 'करा' म्हणालो ते मोजण्याचा धीर झाला नाही. आता मी "श्वास येतो आहे, जातो आहे; जमेल तसे तिकडे लक्ष नेऊन पाहू" अशा वळणाने बोलतो. "नाही जमले तरी हरकत नाही" हेही घाईने न उरकता म्हणतो. अर्जदार मराठीत कसे बोलतात ते अवश्य ऐका. इंग्रजीतून उत्तम मार्गदर्शन करणारे अनेकजण मराठीत आले की व्यायामशाळेतले शिक्षक होतात.

तिसऱ्या अंगाविषयी, म्हणजे अंगी मुरलेल्या सजगतेविषयी, माझे मत असे आहे की ते मोजणे सर्वांत कठीण आणि ओळखणे सर्वांत सोपे आहे. वर्गात मोबाइल वाजला, वीज गेली, कोणी उद्धट बोलले, की पुढच्या दहा सेकंदांत ते दिसते. आपल्या मेट्रन आवाजाबद्दल म्हणतात त्यात तथ्य इतकेच, की शांतपणा महत्त्वाचा आहे. पण शांत आवाज कमावता येतो.

एक सावधगिरी. हे निकष वापरण्यासाठी परीक्षकालाही प्रशिक्षण लागते. तक्ता छापून निवड समितीच्या हाती देऊ नका, आकडे येतील पण त्यांना अर्थ असणार नाही. याच निकषांवरून स्वतःच्या शिकवण्याचे चिंतन करण्यासाठी 'टीएलसी' नावाचे साधन पुढे तयार केले गेले. गुण न देता चर्चा करायची असेल तर ते अधिक उपयोगी आहे.

---

जुना साधक

मेनाई यांचे विवेचन आवडले. इगतपुरीच्या अर्जदारांविषयी मात्र कोणी काही बोलले नाही, म्हणून लिहितो. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून शिबिरे चालतात आणि मी स्वतः अनेक शिबिरे केली आहेत. दहा दिवस मौन, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान, याने साधकाला जे मिळते त्याची तुलना दोन दिवसांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राशी होऊ शकत नाही.

परंतु, आणि हे मी आदराने म्हणतो, शिबिरे करणे आणि शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्या परंपरेतच स्पष्ट सांगितले जाते. तेथे सूचना आणि प्रवचने विपश्यनेचे आचार्य गोयंका गुरुजी यांच्या ध्वनिचित्रमुद्रणातून येतात. सहायक आचार्यांची रीतसर नियुक्ती होते, ते साधकांच्या शंकांचे निरसन करतात आणि कोणतेही मानधन घेत नाहीत. शिबिर केलेल्या साधकाने ही विद्या बाहेर स्वतःच शिकवू लागणे तेथे मान्य नाही. तेव्हा दहा शिबिरे केलेल्या गृहस्थांना आपण इतके जरूर विचारावे, की ही शिबिरे ते शिक्षक म्हणून पात्रतेचा पुरावा म्हणून दाखवत आहेत, की स्वतःच्या साधनेची माहिती म्हणून? दुसरे उत्तर मिळाले तर माझ्या दृष्टीने तो अर्ज भक्कम होतो, कारण स्वतःची साधना नसलेल्या शिक्षकाला अनुभवाची विचारपूस जमणार नाही.

चित्रफीत पाहून गुण देण्याची कल्पना मला अजूनही थोडी परकी वाटते. आपल्याकडे गुरू शिष्याला वर्षानुवर्षे जवळून पाहतो आणि मग परवानगी देतो. अर्थात ज्यांना असा गुरू नाही त्यांच्यासाठी काहीतरी व्यवस्था हवीच.

---

तळटीप

सर्वांच्या उत्साहात थोडे पाणी ओतण्याचे काम माझ्याकडे दिसते.

नेदरलँड्समधील एका बहुकेंद्री चाचणीत नैराश्यातून सावरलेल्या २४१ रुग्णांना १५ शिक्षकांनी हा अभ्यासक्रम शिकवला. प्रत्येक शिक्षकाच्या दोन ते चार सत्रांच्या चित्रफिती यदृच्छेने निवडून प्रशिक्षित परीक्षकांनी याच निकषांवर त्यांचे मूल्यमापन केले. २०१७ साली आलेला निष्कर्ष असा, की शिक्षकाचे गुण आणि रुग्णांचे परिणाम यांच्यात लक्षणीय संबंध आढळला नाही. सत्रांना उपस्थिती असो, तेच ते विचार मनात घोळणे कमी होणे असो, की पुढील १५ महिन्यांत नैराश्य उलटणे असो, कशाशीच नाही. विशेष म्हणजे निकष तयार करणाऱ्या रिबेका क्रेन स्वतः त्या अभ्यासाच्या लेखकांपैकी आहेत. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

मग ०.८१ चे कौतुक कशासाठी? परीक्षकांचे एकमेकांशी जमते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. दहा सुगरणींचे पुरणपोळीच्या चवीवर एकमत झाले म्हणून ती पचायला हलकी ठरत नाही.

---

मेनाई

तळटीप यांचा आक्षेप रास्त आहे आणि पुरणपोळीचा दृष्टान्त मी उसना घेणार आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शिक्षक फक्त १५ होते, आणि अभ्यासक्रम बराचसा ठरलेल्या साच्यातला असल्याने सामान्य शिक्षकालाही तो साचा सांभाळून घेतो, ही शक्यता लेखकांनीच नोंदवली आहे. गोदाकाठ यांच्यापुढचा प्रश्न निपुण आणि प्रगत यांतून निवडण्याचा नाही. वर्गात कोणाला धाप लागली तर डोळे उघडणारा शिक्षक त्यांना हवा आहे, आणि तो फरक कोणत्याही चाचणीच्या सरासरीत दिसणार नाही.

शाळांचे उदाहरणही इथे उपयोगी आहे. ब्रिटनमधील 'मिरियाड' चाचणीत ८० हून अधिक शाळांतील ८००० हून अधिक विद्यार्थी होते. शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून माइंडफुलनेस शिकवून घेतले गेले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही. त्यामागची कारणे अनेक असतील. पण दुसऱ्या कामाने आधीच थकलेल्या माणसाला थोडके प्रशिक्षण देऊन 'आता तुम्हीच शिकवा' म्हणण्याचा बेत आपल्या व्यवस्थापनाच्या डोक्यात पुढेमागे आला, तर हे जरूर दाखवा.

---

ओपीडी क्र. १४

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, त्यामुळे माझे बोलणे गेल्या वर्षीच्या सिस्टरांपासून सुरू होते.

भारतात 'माइंडफुलनेस शिक्षक' ही कायद्याने संरक्षित उपाधी नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत. परंतु माइंडफुलनेस या नावाखाली कोणीही पाटी लावू शकतो. ब्रिटनमध्येही ही उपाधी कायद्याने बांधलेली नाही. तेथील शिक्षकांची संघटना स्वेच्छेने नोंदणी करते आणि त्यासाठी किमान वर्षभराचे प्रशिक्षण, स्वतःचा नियमित सराव, मौन शिबिरे आणि अनुभवी व्यक्तीकडून चालू असलेले सुपरव्हिजन अशा अटी ठेवते. आपल्या पाच अर्जदारांना मी पहिला प्रश्न विचारीन तो असा: "तुमच्या शिकवण्यावर आज कोणाची नजर आहे?" कोणाचीच नाही, असे उत्तर आले तर प्रमाणपत्र कितीही जाड कागदावर असो, मला चिंता वाटेल.

दुसरा प्रश्न वर्गाआधीच्या बोलण्याचा. चांगला शिक्षक प्रत्येक सहभागीशी आधी स्वतंत्र बोलतो. अलीकडचा मृत्यू, आघात, पॅनिक, आत्महत्येचे विचार, सुरू असलेली औषधे यांची विचारणा करतो आणि काहींना "सध्या हा वर्ग नको" असेही सांगतो. अतिदक्षता विभागातील परिचारिकांनी २०२० आणि २०२१ मध्ये काय पाहिले आहे ते मी आपल्याला सांगायला नको. पाळीव कुत्र्यासारखे शांत बसवून त्यांना 'छातीकडे लक्ष द्या' म्हणणे काही जणींसाठी थेट त्या वॉर्डात परत नेणारे ठरू शकते. ध्यानातून उद्भवणाऱ्या त्रासदायक अनुभवांवर ब्राउन विद्यापीठातील विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी केलेले काम शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे. निदान डोळे उघडे ठेवण्याची, बसण्याची जागा बदलण्याची, लक्ष छातीऐवजी तळपायांकडे किंवा खोलीतल्या आवाजांकडे नेण्याची मुभा त्याने आपणहून दिली पाहिजे.

आणखी एक, ४० जणींचा एकच वर्ग करू नका. नैराश्यासाठीचे वर्ग साधारण डझनभर लोकांचे असतात. ४० चेहऱ्यांवर एकट्या शिक्षकाचे लक्ष राहत नाही. वर्गाच्या वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवायला काहीच खर्च नाही.

---

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे छापून मी मेट्रनना वाचायला दिली. पुरणपोळीपाशी त्या हसल्या आणि ओपीडी क्र. १४ यांच्या उत्तरापाशी बराच वेळ थांबल्या. त्या सिस्टर त्यांच्याच बॅचच्या.

आम्ही असे ठरवले आहे. गुणांचा तक्ता करायचा नाही. प्रत्येक अर्जदाराने पुढच्या आठवड्यात आमच्या लेक्चर हॉलमध्ये आठ परिचारिकांसमोर वीस मिनिटांचे मराठी मार्गदर्शन करायचे आणि त्यानंतर पंधरा मिनिटे अनुभवाची विचारपूस करायची. मी मागे बसून फक्त विचारपुशीच्या वेळचे संवाद शब्दशः लिहून घेणार आहे. सुपरव्हिजनचा आणि वर्गाआधीच्या स्वतंत्र बोलण्याचा प्रश्न सर्वांना ईमेलने विचारला. 'स्ट्रेस मॅनेजमेंट'वाल्या सरांनी प्रात्यक्षिक देणे आपल्या अनुभवाला साजेसे नाही असे कळवून अर्ज मागे घेतला. इगतपुरीच्या गृहस्थांनी लिहिले आहे, की शिबिरे ही त्यांची साधना असून शिकवण्याचा अनुभव त्यांना नाही. कोणा अनुभवी शिक्षकाचे सहायक म्हणून बसायला मिळाले तर आवडेल. हे उत्तर मला सर्वांत आवडले. वर्षभराचे प्रशिक्षण घेतलेल्या बाईंनी उलट आम्हालाच विचारले आहे, की वर्गाच्या दिवशी सिस्टरांना नाइट ड्युटीवरून थेट बोलावणार आहात का, कारण तसे असेल तर त्या वर्ग घेणार नाहीत.

वर्ग तीन गटांत होतील, मेट्रननी ड्युटी चार्ट बदलायला होकार दिला आहे. मेनाई, एक शंका उरते. पुढे वर्गाचे चित्रण करायचे झाले तर परिचारिकांचे चेहरे त्यात यावेत का?

---

मेनाई

येऊ नयेत. कॅमेरा सहभागींच्या पाठीमागे, शिक्षकाकडे तोंड करून ठेवावा, सर्वांची लेखी संमती घ्यावी, आणि ज्यांना आवाजही नको असेल त्यांच्यासाठी बोलताना मुद्रण थांबवण्याची सोय असावी. ती फीत शिक्षिकेच्या सुपरव्हिजनपलीकडे कोणाच्या हाती, विशेषतः व्यवस्थापनाच्या हाती, जाणार नाही हेही त्याच कागदावर लिहून घ्या. सिस्टर वर्गात ड्युटीबद्दल जे बोलतील ते मेट्रनच्या टेबलावर पोहोचेल अशी शंका एकीलाही आली, तर दुसऱ्या आठवड्यापासून कोणी काही बोलणार नाही.